वाईच्या माळ्यावर डबा कॅमेरा सापडलाय, आत रोल आहे. काय करू?

वाईकर_नातू | शनिवार, सकाळी ११:१०

मंडळी, मदत हवीय. वाईच्या घराची कौलं उतरवायची आहेत म्हणून माळा रिकामा करत होतो. तिथे आजोबांची पत्र्याची पेटी निघाली. आजोबा ओव्हरसियर होते. पेटीत लेव्हलिंगच्या वह्या, दोन टाक, आणि मफलरमध्ये गुंडाळलेला एक काळा खोका. वरच्या चामडी पट्टीवर ठसा आहे, ‘नं. २ ब्राउनी’. पुढे एक मोठा डोळा, दोन लहान डोळे, बाजूला घड्याळाच्या चावीसारखी एक चावी, आणि पाठीमागे लाल टिकली. टिकलीत टॉर्च मारून पाहिलं तर ५ आकडा दिसतोय. म्हणजे आत रोल आहे!

आजोबा १९५९ साली गेले. त्यानंतर हा खोका कुणी उघडल्याचं घरात कुणाला आठवत नाही. आत्या (वय ७६) म्हणते, "दादांनी माझा फोटो काढला होता गोठ्याजवळ, मी आठ वर्षांची असेन. तो फोटो कधी आलाच नाही." तेव्हापासून घरात सगळ्यांचा जीव टांगणीला लागलाय.

प्रश्न असे: हा किती जुना? आतला रोल अजून धुता येईल का? आणि पुढे यातून नवीन फोटो निघतील का?

शिंक्या | ११:२२

ओएलएक्सवर टाका. अँटिक आहे, लाखात जाईल. धाग्यात पार्टी द्या.

निगेटिव्हवाला | ११:३१

थांबा!! उघडू नका. आणि टॉर्च परत मारू नका.

ती लाल टिकली म्हणजे रोल किती पुढे गेला ते बघायची खिडकी. फिल्मच्या पाठीला कागद असतो, त्यावर आकडे छापलेले असतात, ते त्यातून दिसतात. पूर्वीच्या फिल्मला लाल रंग दिसतच नसे, म्हणून काच लाल. पण आतली फिल्म नंतरच्या काळातली, सगळे रंग दिसणारी असेल तर लाल उजेडही तिला चालत नाही. कागद पाठीशी आहे म्हणून थोडं संरक्षण आहे, तरी आता त्यावर काळी चिकटपट्टी लावून टाका.

दुसरं म्हणजे पुढच्या बाजूचा खटका अजिबात हलवू नका.

वाईकर_नातू | ११:३८

खटका... तीनदा हलवून पाहिला. अंगणात. आवाज फार गोड येतो हो.

शिंक्या | ११:४०

=)) =)) आजोबांच्या रोलमध्ये नातू घुसला.

निगेटिव्हवाला | ११:५५

असू द्या. झालाच तर पाचव्या चौकटीचा चुथडा झाला असेल, आधीच्या चार सुरक्षित आहेत.

आता कॅमेऱ्याबद्दल. कोडॅकने पहिला ब्राउनी काढला १९०० साली. किंमत एक डॉलर. सहा फोटोंचा रोल १५ सेंट. फ्रँक ब्राउनेल नावाच्या कारागिराने कोडॅकच्या जॉर्ज ईस्टमनसाठी तो बनवला. अंग पुठ्ठ्याचं, वर नकली चामडं, पुढे एकच साधं भिंग. बस्स. १९०१ मध्ये आला तो नं. २, म्हणजे तुमचा. त्याच्यासोबत जो रोल निघाला त्याचा नंबर १२०. हा १२० नंबरचा रोल आजही नवा कोरा मिळतो. सव्वाशे वर्षं झाली, पण रोल तोच. तेव्हा तुमच्या तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर सरळ ‘हो’ आहे.

नखाने अंगावर टकटक करून सांगा कसला आवाज येतो. १९२४ पासून नं. २ अॅल्युमिनियमच्या अंगाचाही निघाला, शेवटी शेवटी तर लाल-निळ्या-हिरव्या रंगातही. पुठ्ठ्याचा असेल तर बहुधा त्याआधीचा.

@शिंक्या, लाख विसरा. हे कॅमेरे इतक्या प्रचंड संख्येने खपले की जगभर प्रत्येक माळ्यावर एक पडलाय. जुना म्हणजे दुर्मिळ नव्हे.

वाईकर_नातू | १२:०४

पुठ्ठा. एका कोपऱ्याला चामडं उचकटलंय तिथे पापडासारखे थर दिसतायत. म्हणजे आजोबांनी सेकंडहँड घेतला असणार, १९२४ साली ते पाळण्यात होते.

सदाशिवपेठी | १२:३०

एक दुरुस्ती. ब्राउनी हे नाव ब्राउनेलवरून पडलं असं बऱ्याच ठिकाणी वाचायला मिळतं. पण तेव्हा पामर कॉक्स या चित्रकाराचे ‘ब्राउनी’ नावाचे खोडकर बुटके अमेरिकेतल्या पोराटोरांत भयंकर लोकप्रिय होते आणि कोडॅकने खोक्यावर चक्क तीच चित्रं छापली. कॅमेरा मुलांसाठी म्हणूनच विकायचा होता. आडनाव जुळलं हा योगायोग.

निगेटिव्हवाला | १२:३६

मी कुठे म्हटलं ब्राउनेलवरून नाव पडलं? :) पण मुद्दा मान्य.

सदाशिवपेठी | १२:३७

तुम्ही म्हणाला नाहीत. कुणीतरी म्हणणार होतं. आधीच सांगून ठेवलं.

जाई_जुई | दुपारी १:१५

एक डॉलर म्हणजे तेव्हा स्वस्त की महाग?

सदाशिवपेठी | १:४०

तुलना करा. ईस्टमनचा १८८८ सालचा पहिला कोडॅक २५ डॉलरला होता. आत शंभर फोटोंचा रोल भरलेला, फोटो गोल यायचे. संपला की अख्खा कॅमेराच टपालाने रॉचेस्टरला, कोडॅककडे, पाठवायचा, वर १० डॉलर. ते रोल धुऊन, फोटो छापून, नवीन रोल भरून कॅमेरा परत पाठवायचे. बारा वर्षांत २५ चा १ झाला. छंद शेठजींच्या दिवाणखान्यातून उठून पोरांच्या हातात गेला तो तेव्हा.

१९३० मध्ये तर कोडॅकला पन्नास वर्षं झाली म्हणून अमेरिकेत त्या वर्षी बारा वर्षांच्या होणाऱ्या मुलांना डबा कॅमेरा फुकट वाटला. सुमारे पाच लाख. कॅमेरा फुकट, रोल मात्र विकत. मुकेशभाईंनी पुढे फोनच्या बाबतीत वेगळं काय केलं?

मीनल_टोरांटो | १:५८

=)) पटलं.

‘टायटॅनिक’ बुडाली तेव्हा वाचलेल्यांना उचलणाऱ्या ‘कार्पेथिया’ जहाजावर बर्नीस पामर नावाची कॅनडाची तरुण मुलगी होती. तिच्याकडे ब्राउनी होता. हिमनग आणि डेकवर ब्लँकेट गुंडाळून बसलेले लोक, हे फोटो तिने काढले. न्यूयॉर्कला उतरल्यावर एका वृत्तछायाचित्र कंपनीने तिच्याकडून ते दहा डॉलरला घेतले. मुलीला वाटलं, चांगला सौदा झाला! तो कॅमेरा आता वॉशिंग्टनला स्मिथसोनियनमध्ये आहे.

आमच्या टोरांटोत माउंट डेनिस भागात कोडॅकचा मोठा कारखाना होता, २००५ मध्ये बंद पडला. त्यातली एकच इमारत उरलीय. मेट्रोच्या कामासाठी ती अख्खी उचलून बाजूला सरकवली आणि पाया झाल्यावर परत आणून ठेवली. वाईचा वाडाही असा उचलता आला असता तर कौलांचा प्रश्न मिटला असता, नातू.

कोकणी_कावळा | २:२०

आमच्याकडे आग्फा क्लिक थ्री होता. बडोद्याला बनलेला. बाबांनी चाकरमानी असताना घेतला, आणि गणपतीत गावी आला की तो कॅमेरा देवापेक्षा जपला जायचा. बारा फोटोंचा रोल. त्यातले सहा आरतीच्या आधी ठरलेले, कुणाचा कुठल्या काकीबरोबर ते आजी ठरवायची. उन्हाचं चित्र आणि ढगाचं चित्र, एवढंच काय ते फिरवायचं. हाही डबा कॅमेराच ना?

सदाशिवपेठी | २:३३

आकाराने डबा नव्हे. प्लॅस्टिकचा आडवा कॅमेरा, डोळ्याला लावून बघायचा.

कोकणी_कावळा | २:३५

म्हणजे बाबांचं आयुष्य फुकट.

निगेटिव्हवाला | २:५०

कावळा, आकार सोडा, जात तीच. एक साधं भिंग, ठरलेला फोकस, जवळपास ठरलेला वेग. रोलही तोच १२०. गंमत बघा, त्याच रोलमधून ब्राउनी ६ बाय ९ सेंटिमीटरचे आठ फोटो काढतो आणि क्लिक थ्री ६ बाय ६ चे बारा. पाठच्या कागदावर आकड्यांच्या तीन ओळी असतात, आठ, बारा आणि सोळा फोटोंच्या. कॅमेऱ्याची खिडकी ज्या ओळीसमोर येते ती त्याची. नातूंना दिसलेला ५ आठाच्या ओळीतला.

चांदणी | संध्या. ४:०५

मला आठवतोय तो जत्रेतला डबा कॅमेरा. माणूस काळ्या कापडात डोकं घालायचा, आपण पडद्यासमोर खुर्चीवर. पंधरा मिनिटांत ओला फोटो हातात. तो हाच का?

निगेटिव्हवाला | ४:२०

नाही. ती वेगळीच करामत. तो डबा म्हणजे कॅमेरा आणि डार्करूम एकाच लाकडी पेटीत. फिल्मऐवजी कागदावरच फोटो घ्यायचा, बाहीतून आत हात घालून तिथेच धुवायचा, मग त्या कागदी निगेटिव्हचाच परत फोटो काढायचा की झाला सुलटा. जयपूरला हवामहलसमोर असे लोक बसायचे, काबूलमध्येही असायचे.

जाई_जुई | ४:४५

मला पडलेला प्रश्न. एक साधं भिंग म्हणता, पुठ्ठ्याचा खोका म्हणता, मग आमच्या आजीच्या अल्बममधले फोटो एवढे खणखणीत कसे? साडीचे काठ मोजता येतात. माझ्या मोबाइलमध्ये तीन भिंगं आहेत, तरी मावशीचा चेहरा मेणाचा येतो.

आवडाबाई | ४:५२

+१. जुनं ते जुनं. तेव्हाच्या वस्तूच वेगळ्या होत्या.

निगेटिव्हवाला | संध्या. ५:३०

आवडाबाई, असहमत. भिंग फालतूच होतं. कडांना चित्र पसरतं, कोपरे विरघळतात. खणखणीत दिसण्याचं कारण वेगळं आहे. ६ बाय ९ ची निगेटिव्ह फोटोच्या कागदावर थेट ठेवायची, वरून दिवा लावायचा, तेवढ्याच आकाराचा फोटो तयार. मोठा करायचाच नाही. मोठा केला नाही की दोषही मोठे होत नाहीत. आजीच्या अल्बममधला फोटो मोजून बघा, काड्यापेटीपेक्षा थोडा मोठा असेल. तोच भिंतीएवढा केला तर आजी धुक्यात जाईल.

आणि दुसरं. या कॅमेऱ्याला ऊन लागायचंच. फोटो काढणाऱ्याने सूर्य पाठीशी घ्यायचा हा नियम होता. म्हणून तुमच्या सगळ्या आज्या, काक्या डोळे बारीक करून बघताना दिसतात. लोक म्हणतात जुन्या पिढीचे चेहरे करारी. करारी कसले, ऊन लागत होतं डोळ्यांना!

कोकणी_कावळा | ५:३३

आमची आजी सावलीतही तशीच बघायची.

चांदणी | ५:४०

=))

खाकी_चष्मा | रात्री ९:१०

उशिरा आलो. मी सत्तरीचा आहे, पोरपणी वडिलांबरोबर न्हाणीघरात रोल धुतलेत. सोपं आहे. लाल दिवा लावायचा, तीन थाळ्या, डेव्हलपर (चित्र उमटवणारं), पाणी, हायपो (चित्र पक्कं करणारं). फिल्मची दोन टोकं दोन हातात धरून झोक्यासारखी वर-खाली करायची. चित्र उमटताना डोळ्याने दिसतं. नातू, घरी करा, मजा येईल. लॅबवाल्याकडे देऊ नका. आमच्या मुंजीचा रोल एका लॅबवाल्याने हरवला आणि वर म्हणाला रोल कोराच होता.

निगेटिव्हवाला | ९:२५

काका, लॅबचं मान्य, लाल दिवा मात्र नको. तुम्ही धुतलेली फिल्म लाल न दिसणारी. कोडॅकने १९५६ मध्ये व्हेरिक्रोम पॅन ही सगळे रंग दिसणारी फिल्म आणली, ती लाल दिव्यात काळी ठिक्कर पडते. नातूंच्या आजोबांचं साल १९५९, दोन्हीपैकी काहीही असू शकतं. रोल कुठला हे कळेपर्यंत मिट्ट काळोख.

खाकी_चष्मा | ९:३१

बरोबर. मागे घेतो. झोक्याची मजा मात्र मागे घेत नाही.

निगेटिव्हवाला | ९:५०

नातू, रोल पुण्याला घेऊन या, मी धुतो. पेटी मफलरसकट आणा. तुम्ही चावी फिरवून रोल संपवायच्या भानगडीत पडू नका, पाठचा कागद इतक्या वर्षांत ठिसूळ झालेला असतो, आत फाटला तर पंचाईत. सगळं अंधारात करू. या मॉडेलमध्ये चावी बाहेर ओढल्याशिवाय आतला सांगाडा निघत नाही, हे माहीत नसलेले लोक जोर लावून पुठ्ठा फाडतात.

वाईकर_नातू | ९:५४

येतो. रविवारी. आत्या म्हणतेय मीही येणार.

शिंक्या | १०:०२

तोपर्यंत यातून नवीन फोटो कसे काढायचे ते तरी सांगा. माझ्याकडेही एक आहे, ‘सिक्स-२०’ लिहिलंय. ओएलएक्सचा विचार रद्द.

निगेटिव्हवाला | १०:२०

अरेरे. तुझ्याला ६२० चा रोल लागतो. फिल्म अगदी तीच, १२० चीच, फक्त रीळ बारीक. कोडॅकने १९३० च्या दशकात ही टूम काढली. १९९५ मध्ये ६२० बंद झाला. जुनं ६२० चं रीळ जपून ठेव आणि अंधारात १२० ची फिल्म त्यावर गुंडाळून घे. आधी वाया गेलेल्या रोलवर उजेडात सराव कर, नाहीतर शिव्या देशील.

बाकी कृती सारखीच. नं. २ मध्ये भिंगासमोर ओढायची एक पट्टी आहे, तिला तीन भोकं. सगळ्यात मोठं भोक साधारण एफ १६ (भोकाचं माप) च्या आसपास धरा, वेग १/३० ते १/५० सेकंद. शंभरची (आयएसओ १००) फिल्म घातली तर भर उन्हात हिशेबापेक्षा दुप्पट-तिप्पट उजेड पडतो. ब्लॅक अँड व्हाइट फिल्म तेवढा गिळते. चारशेची घातली तर सगळ्यात लहान भोक. माणूस आठ-दहा फुटांवर उभा करा, त्याच्या आत सगळं धूसर. खोका पोटाशी धरायचा, वरच्या काचेत बघायचं. चित्र उलट दिसतं, म्हणजे माणूस डावीकडे सरकला की काचेत उजवीकडे. श्वास रोखून खटका.

आणि या खटक्याला स्प्रिंग भरायची भानगड नाही. वर केला की एक फोटो, खाली केला की दुसरा. रोल पुढे सरकवला का, हे तो विचारत नाही. विसरलात की एकावर एक दोन फोटो.

खाकी_चष्मा | १०:२८

म्हणून वडिलांचा नियम होता, फोटो काढला की लगेच चावी. आमच्या काकांचा उलटा, फोटो काढायच्या आधी चावी. दोघांनी एकच कॅमेरा वापरला त्या दिवशी काय झालं असेल सांगायला नको. महाबळेश्वरची अख्खी सहल, एक सोडून एक चौकट कोरी.

वाईकर_नातू | सोमवार, रात्री ८:४५

मंडळी, झालं.

निवांकडे (म्हणजे आपले निगेटिव्हवाला) काल सकाळी पोचलो. आत्या, मी आणि पेटी. त्यांनी बाथरूमच्या दाराच्या फटीला चादर लावली, आत गेले आणि अर्धा तास नुसते पुटपुटत होते. फिल्म साठहून जास्त वर्षं गुंडाळलेली, सोडली की चकलीसारखी परत वळायची, टाकीच्या चक्रीवर चढेना. अखेर चढली. कागदावर नाव निघालं, व्हेरिक्रोम पॅन. म्हणजे १९५६ नंतरचा रोल, आणि आत्याचं ‘मी आठ वर्षांची’ बरोबर जुळतं. (खाकी काका, लाल दिवा लावला असता तर संपलं होतं.) निवांच्या म्हणण्याप्रमाणे ही फिल्म न धुता वर्षानुवर्षं चित्र टिकवण्यात नावाजलेली. त्यांनी एचसी-११० नावाच्या डेव्हलपरमध्ये धुतली, त्यात जुन्या फिल्मवरचं धुकं कमी येतं म्हणे.

पहिली चौकट: कृष्णेवरचा घाट, कडेला आकड्यांचे ठसे उमटलेत, पाठचा कागद चिकटून. दुसरी: कुणीतरी फेटेवाले गृहस्थ, डोळे बारीक. आत्यालाही ओळखता आले नाहीत, तिसऱ्यांदा बघून म्हणाली, "देणेकरी असेल." चौथी: हललेली, नुसती पायरी.

पाचवीत धुक्यामध्ये एक करडा गोल आहे. अंगणात तीनदा खटका वाजवला त्यातलं माझं नाक असावं, असं निवा म्हणतात. मी मान्य केलेलं नाही.

आता तिसरी. तिच्यात आत्या आहे. परकर-पोलकं, दोन वेण्या, गोठ्याच्या खांबाला टेकून उभी. आणि तिच्यावरच अख्खी म्हैस आहे! आजोबा चावी फिरवायला विसरले. वेण्या जिथे संपतात बरोबर तिथून शिंगं निघतात. निवांनी निगेटिव्ह दिव्यासमोर धरली आणि आम्ही दोघंही गप्प, आता आत्या काय म्हणते म्हणून.

आत्याने चष्मा पुसला, बराच वेळ बघितलं आणि म्हणाली, "चंद्री. छान आलीये."

शिंक्या | ८:५२

=)) =)) =)) धाग्याचं सार्थक.

जाई_जुई | ८:५८

मला रडू येतंय आणि हसूही. मोठा करून फ्रेम करा.

निगेटिव्हवाला | ९:१५

मोठा करू नका. सहा बाय नऊच ठेवा, आत्याला हातात धरून बघता येतो.

आणि नातू, नवा रोल भरून दिलाय तुम्हाला. लाल खिडकीवर पट्टी आहे ना अजून?

वाईकर_नातू | ९:२१

आहे. आकडा बघायला उचलतो तेव्हा पदर आत्या धरते.